घरी कोण थांबलं?

डोमाजी पिंपळशेंडे सरांनी भद्रावतीत बत्तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना उष्मागतिकी शिकवली. या बत्तीस वर्षांत एकाच चुकीसाठी त्यांनी जितके मार्क कापले, तितके बाकीच्या सगळ्या चुकांसाठी मिळून कापले नसतील. चूक दिसायला किरकोळ होती. समीकरण बरोबर, आकडा बरोबर, फक्त कंसाच्या पायाशी लिहायचं एक छोटं अक्षर पोरं विसरत. सर वही नाकापुढे धरत आणि म्हणत, "तू जत्रेले गेला, समजलं. घरी कोण थांबलं ते सांग."

नवी पोरं बावचळून बघत, जुनी गालात हसत, आणि सर खडू उचलत. दाब, तापमान आणि आकारमान हे तिघं एका घरातले. एकाला हात लावला की बाकीचे दोघं हलणारच. तापमान एका अंशाने चढवलं तर काय होईल? भांडं घट्ट बंद असेल, तर आकारमान जागच्या जागी बसतं आणि दाब भडकतो. झाकण सैल असेल, तर दाब जागच्या जागी बसतो आणि पदार्थ फुगतो. पदार्थ तोच, ऊन तेवढंच, पण उत्तरं दोन. म्हणून एकाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम मोजताना तिसऱ्याला धरून बसवावं लागतं. अशा दराला आंशिक विकलज म्हणतात, आणि ज्याला बसवलं त्याचं नाव कंसाच्या पायाशी लिहितात.

"तो हलत नाई म्हणून त्याले विसरू नका बाप्पा," सर म्हणत. "तो हलत नाई म्हणून तं बाकीच्याइचं गणित जमते."

ही जत्रेची उपमा सरांनी घरातूनच उचलली होती. चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरला महाकालीची जत्रा भरते. सरांची बायको गेली तेव्हा थोरली विमल अठरा वर्षांची होती आणि धाकटी कुंदा अकरा. घरात गाय होती, दाराचं कुलूप बिनभरवशाचं होतं, म्हणून जत्रेला दोघांनी जायचं आणि एकाने घर राखायचं, तेही पाळीपाळीने, असं ठरलं. पण ठरवणं वेगळं आणि घडणं वेगळं. पाळी दरवर्षी विमलवरच यायची. विमल बारावीला गणितात तालुक्यात पहिली आली होती. पण एकीने शिकायचं तर दुसरीने चूल सांभाळायची, असं सरांनी एकदा म्हटलं आणि तो विषय तिथेच मिटला. विमलने वही बंद केली ती केलीच.

पुढे सर कुंदाला घरापुढच्या छपरीत बसवून शिकवू लागले. आत विमल पोळ्या लाटत असे. एका दुपारी सरांनी कुंदाला कोडं घातलं. "तिघं जण. एकदा पहिला घरी, बाकी दोघाइचा दर काढला. मंग दुसरा घरी, मंग तिसरा घरी. तिन्ही दर ओळीनं लिहून गुणले, तं उत्तर काय?"

कुंदा म्हणाली, "एक. वरचं आणि खालचं सगळं कटून जातं."

सर बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज आला, "वजा एक."

सर मोठ्याने हसले. "दिव्याखाली अंधार म्हणतेत, तं आपल्या घरी उलटंच हाये." ते हसण्यावारी गेलं. विमलला हे कुठून कळलं, असं त्या दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

*

२०४७ साली कुंदा एकोणपन्नास वर्षांची होती आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिचं नाव अदबीने घेतलं जायचं. ते नाव ज्या वस्तूमुळे झालं, तिला लोक गारवीट म्हणत.

त्या काळात विदर्भातला उन्हाळा हा ऋतू राहिला नव्हता, संकट झाला होता. चंद्रपुरात पारा एकोणपन्नासला टेके. जुने एसी आतली गरमी बाहेर फेकून गल्ल्याच तापवत आणि वीज इतकी खात की ऐन दुपारी साऱ्या शहराचा दिवा जाई. गारवीट वेगळी होती. मेणासारख्या दिसणाऱ्या एका पदार्थाची ती वीट. तिच्यावर प्रचंड दाब दिला की आतले रेणू शिस्तीत रांगेत बसतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकतात. ही उष्णता भिंतीपलीकडे सोडून द्यायची. मग दाब काढायचा. सुट्टी झालेल्या शाळेसारखे रेणू उधळतात, वीट फुगते, आणि उधळायला लागणारी उष्णता खोलीतून ओढून घेते. खोली गार होते. वायू नाही, गळती नाही, वीज एका पंख्याइतकी.

विटेने किती उष्णता ओढली हे कळायचं, तर रेणूंचा विस्कळीतपणा किती वाढला ते कळायला हवं. या विस्कळीतपणाला शास्त्रात एन्ट्रॉपी म्हणतात, आणि ती मोजायचं कुठलंही यंत्र जगात नाही. पण उष्मागतिकीत एक मोठी सोयीची अदलाबदल आहे. तापमान स्थिर धरून दाब वाढवला तर एन्ट्रॉपी किती घटेल, हे न मोजता येणारं उत्तर एका साध्या प्रश्नाच्या उत्तराइतकंच निघतं. दाब स्थिर धरून तापमान वाढवलं तर पदार्थ किती फुगेल? फुगणं तर पट्टीनेही मोजता येतं. कुंदाने याच नात्यावर सगळा हिशोब बांधला. पेटीच्या दर्शनी पाटीवर तिने आकडे ठेवले नाहीत. खेड्यापाड्यातल्या माणसाला कळावं म्हणून कडुनिंबाची पाच पानं ठेवली. पाचही हिरवी म्हणजे वीट जोमात आहे, घरात निवांत बसा. तीनपेक्षा कमी म्हणजे उठा आणि नगरपालिकेच्या थंडघरात जा.

पहिल्या चाळीस पेट्या कुठे बसवायच्या हे ठरवायची वेळ आली, तेव्हा कुंदाने हट्टाने भद्रावतीतली आपली गल्ली निवडली. बाई आणि बाबा एवढ्या उन्हात राहतात, याची टोचणी तिला होतीच. थोरल्या बहिणीला तिकडे बाई म्हणतात. विमल तिची बाई होती, आणि आता छप्पन्न वर्षांची होती. सरांचे डोळे गेले होते. तेव्हा पेपर वाचून दाखवण्यापासून न्हाऊमाखू घालण्यापर्यंत सगळं विमलच करायची.

पेट्या बसल्या त्याच आठवड्यात कुंदाने सरांना एक कागद पाठवला. पेटी बसवणाऱ्यांसाठी छापलेला तांत्रिक तक्ता होता तो. वर पेनाने लिहिलं होतं, 'बाबा, तुमचं समीकरण.' आणि फोनवर एक निरोप धाडला, 'पौर्णिमेला येते. बाबांना जत्रेला घेऊन जायचं आहे.'

दोन दिवसांनी विमलचा फोन आला. कुंदा बैठकीत होती. मंत्रालयातली माणसं आणखी दहा हजार पेट्यांची गोष्ट करत होती.

"कुंदे, कामात हायेस काय?"

"बोल बाई, लवकर बोल."

"तू पाठवलं ते वाचलं. घरी कोण थांबते, ते तं लिहिलंच नाई तू."

कुंदाने समोरच्या अधिकाऱ्याला एका बोटाने थांबवलं. "दरवर्षी काय विचारतेस गं? तूच थांब ना. मी बाबांना नेते, तू घरी थांब. एवढं काय त्यात?"

 विमल हसली. "हाव. बरं. तू जेवली काय?"

"जेवते. ठेवू?"

तिने फोन ठेवला आणि बैठक पुढे सुरू झाली.

*

पौर्णिमेला कुंदा आणि सर सकाळी सातलाच निघाले. विमलने डब्यात पोळ्या, कांद्याची चटणी आणि दोन बाटल्या कैरीचं पन्हं दिलं. सरांच्या डोक्याला दुपट्टा नीट बांधून दिला. तिला काहीतरी बोलायचं होतं, असं कुंदाला नंतर पुष्कळदा वाटलं. तेव्हा मात्र गाडीचा भोंगा वाजत होता.

"आल्यावर निवांत बसू, कुंदे," विमल म्हणाली. "मले एक इचारायचं हाये तुले."

"येते ना संध्याकाळी," कुंदा म्हणाली.

झरपट नदीच्या काठाला गर्दी अशी नव्हतीच. उन्हाच्या भीतीने नांदेडकडची माणसंही पहाटेच दर्शन घेऊन पांगली होती. सरांनी देवीपुढे हात जोडले आणि बराच वेळ काही पुटपुटत उभे राहिले. दुपारी एकच्या सुमारास पारा पन्नासच्या जवळ गेला. बापलेक देवळाजवळच्या थंडघरात बसली होती. कुंदाने घरी फोन लावला.

"बाई, कशी आहेस? पेटी चालू आहे ना?"

"चालू हाये. पाचही पानं हिरवी हायेत." विमलचा आवाज थकलेला होता. "पण मलेच लय गरम होऊन रायलं, कुंदे. वय झालं असन आता. आत्ताच नगरपालिकेचा उन्हाचा भोंगा वाजला. उईके मावशी दारात उभी हाये, म्हणते थंडघरात चल. जाऊ काय?"

कुंदाला शंका आली. पण पाच पानं म्हणजे पाच पानं. त्या पानांमागचं गणित तिचं स्वतःचं होतं, अडीच वर्षं रात्रंदिवस तपासलेलं. आणि थंडघर घरापासून पाऊण किलोमीटरवर. पन्नास अंशांच्या उन्हात बाईने एवढं चालायचं, या विचारानेच ती घाबरली.

"पाच पानं असताना कशाला बाहेर पडतेस? वाटेतच ऊन लागेल तुला. दार लावून घे, पेटीपुढे बस, आणि पाणी पीत राहा. घरीच थांब बाई."

"हाव," विमल म्हणाली. मग बाजूला तोंड करून म्हणाली, "मावशी, तू जाय वं. कुंदा म्हणते घरीच थांब. तिचीच मशीन हाये, तिले नाई कळन तं कोणाले कळन?"

पाच वाजता दोघं घरी पोचली. दार आतून लावलेलं होतं. शेजाऱ्यांनी ते तोडलं, तेव्हा आतून भट्टीसारखा वाफारा आला. विमल पेटीसमोर सतरंजीवर कुशीवर पडली होती, भिंतीला पाठ लावून, हाताशी पाण्याचा रिकामा गडू. पेटीचा पंखा इमानेइतबारे फिरत होता आणि पाटीवर पाच पानं हिरवीगार होती.

सर उंबऱ्यात उभे होते. त्यांना दिसत नव्हतं. "विमल," त्यांनी हाक मारली. "विमल, एवढी गरमी काहून हाये घरात?"

 कुंदा बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

*

गल्लीतली बाकीची माणसं भोंगा ऐकून थंडघरात गेली होती किंवा जत्रेला, म्हणून वाचली. दोघांना दवाखान्यात न्यावं लागलं. चाळीसच्या चाळीस पेट्या त्याच दुपारी एकाच तऱ्हेने फसल्या होत्या.

विमलचा तेरावा झाल्यावर कुंदाने घरची पेटी स्वतः उघडली. मदतीला आलेल्या तंत्रज्ञाला तिने बाहेर बसवलं. पेटीचं पोलादी कवच वेगळं करताच तिला सगळं कळलं, आणि कळायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

प्रयोगशाळेत वीट उघड्या दट्ट्याखाली असायची. तिला हवं तेवढं फुगता यायचं आणि दाब आपण म्हणू तेवढाच राहायचा. अडीच वर्षं सगळी मोजणी तशीच झाली. दाब स्थिर आहे हे प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणी लिहीत नाही. कुंदानेही लिहिली नाही. तक्त्यात कंस होता, आकडे होते, कंसाचा पाय रिकामा होता. पेटी बनवणाऱ्यांनी तो तक्ता घेतला. घुशी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांनी विटेला पोलादाच्या कवचात गच्च बसवलं. मोकळी जागा ठेवली ती अगदी बेताची. चव्वेचाळीस अंशांपर्यंत ती पुरली. त्यापुढे तापून वीट कवचाला भिडली आणि आकारमान अडकलं. मग दर अंशाला दाब वाढत गेला, दट्ट्या उचलला तरी उतरेना. दाबाखाली रेणू उधळत नाहीत. वीट उष्णता ओढायची थांबली ती नेमकी ऊन सर्वांत कडक झालं तेव्हा. पाटीला मात्र दाब स्थिर आहे असंच शिकवलेलं होतं. वीट तापली, म्हणजे फुगली असणार, म्हणजे भरपूर उष्णता ओढली असणार, असा हिशोब करून ती एकेक पान हिरवं करत गेली.

एक अक्षर. बत्तीस वर्षं तिच्या बापाने ज्याच्यासाठी मार्क कापले ते अक्षर. काखेत कळसा होता आणि ती पुण्याला वळसा घालून आली होती. कुंदाला रडू आलं नाही. स्वतःची अशी शिसारी आली की ती मोरीत जाऊन ओकली.

तोंड धुऊन ती स्वयंपाकघरात पाण्यासाठी गेली. कणकेच्या डब्याखाली एक घडी घातलेला कागद दिसला. तिचाच तक्ता होता. वर तिचंच अक्षर, 'बाबा, तुमचं समीकरण.' घडीला पीठ लागलं होतं.

तिने तो उलगडला. खाली, कंसाच्या रिकाम्या पायाभोवती, शिसपेन्सिलीने एक गोल काढलेला होता. गोलातून बाण ओढून बाजूला लिहिलं होतं, 'घरी कोण?'

त्याखाली विमलच्या बारीक, सुबक अक्षरात तेच समीकरण दोनदा मांडलेलं होतं, एकदा पायाशी दाब धरून, एकदा आकारमान धरून. तीन दरांचा गुणाकार होता, वजा एक होता. शेवटी एक ओळ होती: 'पेटी बंद हाये. मंग घरी आकारमान थांबलं पाहिजे ना? मले कुठं एवढं कळते. कुंदाले विचारणे.'

आणि खाली, दुसऱ्या दिवशीची असावी अशी, फिकट ओळ: 'विचारलं. कामात होती. जत्रेहून आल्यावर विचारणे.'

कुंदा तिथेच फरशीवर बसली. तिला तो फोन शब्द न् शब्द आठवला. घरी कोण थांबते, ते तं लिहिलंच नाई तू. आणि आपण काय म्हणालो? तूच थांब ना. अख्ख्या महाराष्ट्रात ती चूक पकडायला एकच माणूस निघालं होतं आणि त्याने ती वेळेवर सांगितलीही होती, घरातल्याच भाषेत. त्या भाषेला दोन अर्थ होते, आणि कुंदाच्या कानाने तिच्या सोयीचा घेतला होता.

आता ती रडली. तिचं रडणं ऐकून सर भिंत चाचपडत दारात आले.

"काय सापडलं?"

कुंदाने सगळं सांगितलं. कागद वाचून दाखवला, फोनचंही काही लपवलं नाही. सर चौकट धरून उभे होते.

"पायाशी काय लिहिलं होतं तू?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, बाबा."

"अन् तिनं?"

"तिने दोन्ही करून बघितलं होतं. बरोबर होतं तिचं."

सरांनी बराच वेळ मान हलवली. "मी तुले शिकवून रायलो होतो," ते म्हणाले. "शिकली विमल."

*

कुंदाने चौकशी समितीपुढे चूक आपली म्हणून लिहून दिली आणि कोणाच्याही खांद्यावर ढकलली नाही. नव्या पेट्यांत विटेला फुगायला मोकळी जागा आली, खोलीत वेगळा तापमापक आला, आणि तक्त्यावर एक सक्तीचा रकाना आला. पेटी बसवणाऱ्याने काय स्थिर धरलं ते स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय पेटी सुरूच होत नसे. रकान्याचं नाव होतं 'घरी कोण?' पुण्यामुंबईच्या इंजिनीअरांना ते नाव गावठी वाटलं. कुंदाने ते बदलू दिलं नाही.

पुण्याची नोकरी सोडून ती भद्रावतीला आली. लोक हळहळले.  सरांना वेळेवर औषधं, आंघोळ, पेपर, एवढ्यात तिचा दिवस जाऊ लागला. विमलने हे अडतीस वर्षं केलं होतं, हे तिला आधीही ठाऊक होतं. मात्र अडतीस वर्षं म्हणजे काय, ते पहिल्या तीन महिन्यांतच अंगावर आलं.

पुढच्या चैत्र पौर्णिमेला सकाळीच उईके मावशी दारात आली. "जत्रेले येतेस काय वं? गाडीत जागा हाये."

"तुम्ही जा मावशी," कुंदा म्हणाली. "घरी कोणीतरी पाहिजे."

मावशी गेली. कुंदा आत येऊन पोळ्या लाटू लागली. बाहेर छपरीत सर एकटेच बसले होते. म्हातारपणी त्यांना स्वतःशी बोलायची सवय लागली होती. पोळी तव्यावर टाकताना कुंदाचा हात थांबला. सर अगदी हळू बोलत होते, तरी या ओट्यापाशी त्यांचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होता. आयुष्यभर ती छपरीत बसून शिकली होती. इथे उभं राहून तिने कधी ऐकलं नव्हतं.

"तिघं जण," सर पुटपुटत होते. "एकदा पहिला घरी. मंग दुसरा. मंग तिसरा." ते थांबले. मग जुन्या सवयीने मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि जरा मोठ्याने विचारलं, "विमल, किती वं?"

पोळी करपू लागली होती. कुंदाने आधी ती उलटली.

"वजा एक, बाबा," ती म्हणाली.